कुत्री व्यायला झाली, हे कशावरून ओळखायचं? लक्षणं, आकडे आणि त्यांच्या मर्यादा

गाभण कुत्रीबद्दल माहिती शोधायला बसलं की काही आकडे हमखास समोर येतात. गाभणकाळ ६३ दिवस. तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की २४ तासांत पिल्लं. जोरदार कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर डॉक्टर. दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त अंतर नको.

हे आकडे चुकीचे नाहीत. पण प्रत्येक आकडा नेमकं काय मोजतो, कुठून मोजायचा आणि तो कुठे फसवतो, हे फारसं कुणी सांगत नाही. रात्री दोन वाजता घरात कुत्री अडलेली असताना नेमकं तेच माहीत असावं लागतं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी हा विषय मुद्दाम निवडला, कारण इथे आपल्या रोजच्या अडचणी एकत्र भेटतात. शरीराच्या आत घडणारी घटना थेट दिसत नाही. दिसतं ते तिचं लक्षण. आपण लक्षण मोजतो आणि घटनेबद्दल अंदाज बांधतो. हा अंदाज कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हे कळणं म्हणजे अर्धं संशोधन.

आधीच सांगतो, मी प्राणिशास्त्राचा संशोधक आहे, पशुवैद्य नाही. उपचार काय करायचे हे पशुवैद्य ठरवतील. त्यांना फोन कधी करायचा, हे मात्र घरच्यांनाच ठरवावं लागतं. हा लेख त्या निर्णयाबद्दल आहे.

६३ दिवस, पण कुठून मोजायचे?

बहुतेक लोक कुत्री लागली त्या दिवसापासून मोजतात. अडचण इथेच सुरू होते. कुत्रीच्या अंडाशयातून बाहेर पडणारं बीज अपरिपक्व असतं. फलनाला तयार व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या बाजूला, नराचे शुक्राणू कुत्रीच्या शरीरात आठवडाभर जिवंत राहू शकतात. म्हणजे मीलन बीज सुटण्याच्या बरंच आधी झालं असेल किंवा नंतर, दोन्ही वेळा गर्भ राहू शकतो.

१९८३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या पॅट्रिक कॉनॅनन आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. पहिल्या मीलनापासून मोजलं तर गाभणकाळ ५७ ते ७२ दिवस असा पसरलेला दिसतो. बीज सुटण्याचा इशारा देणाऱ्या एलएच संप्रेरकाच्या उसळीपासून मोजलं, तर तोच काळ ६४ ते ६६ दिवसांत येऊन बसतो. बीज साधारण दोन दिवसांनी सुटतं, म्हणून बीज सुटल्यापासून ६३ दिवस.

कुत्रींमध्ये फरक नव्हता, मोजणीच्या सुरुवातीत होता. 'शून्य दिवस' बदलला आणि पंधरा दिवसांचा पसारा दोन-तीन दिवसांवर आला. तुमच्या डेटामध्ये खूप विखुरलेपणा दिसला तर 'जैविक विविधता' असं लिहून पुढे जाण्याआधी एकदा शून्य कुठे धरलाय ते तपासा.

व्यवहारात याचे परिणाम दोन्हीकडून होतात. मीलनापासून ६३ दिवस झाले म्हणून घाईने सिझेरियन केलं आणि प्रत्यक्षात गर्भ ५८ दिवसांचे निघाले, तर पिल्लांची फुप्फुसं तयार नसतात. उलट 'अजून दिवस भरले नसतील' म्हणत थांबलो तर पिल्लं पोटातच मरू शकतात. म्हणून माजाच्या काळात प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करून घेतली असेल तर तो कागद जपून ठेवा. शेवटच्या आठवड्यात त्याच्याइतकं उपयोगी काही नसतं.

तापमान का घसरतं?

माणसात गर्भारपणाचे पहिले काही आठवडे गेले की प्रोजेस्टेरॉन तयार करण्याचं काम वार हाती घेते. कुत्रीत तसं होत नाही. शेवटपर्यंत ते काम अंडाशयातल्या पीतपिंडाकडेच असतं. दिवस भरले की प्रोस्टाग्लँडिन वाढतं, पीतपिंड मोडतो आणि प्रोजेस्टेरॉन कोसळतं. रक्तातलं प्रमाण २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेलं की साधारण एका दिवसात प्रसूती अपेक्षित असते.

प्रोजेस्टेरॉन शरीराचं तापमान थोडं वर ठेवतं. ते अचानक गेलं की तापमानही तात्पुरतं घसरतं. कुत्रीचं गुदद्वारातून मोजलेलं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. प्रसूतीआधी ते सुमारे एका अंशाने उतरतं, बऱ्याचदा ३७.२ च्या, म्हणजे ९९ फॅरनहाइटच्या खाली. त्यानंतर साधारण १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात.

साखळी नीट पाहा: पीतपिंड, प्रोजेस्टेरॉन, तापमान. आपण तिसरी कडी मोजून पहिलीबद्दल बोलतोय. त्यामुळे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

एक, ही घसरण काही तासांचीच असते. सकाळ-संध्याकाळ मोजलं तर ती मधल्या वेळेत येऊन निघूनही जाते.

दोन, लहान जातींत घसरण जास्त दिसते, अवाढव्य जातींत कमी. म्हणून ९९ च्या रेषेपेक्षा त्या कुत्रीच्या स्वतःच्या नेहमीच्या तापमानाशी तुलना करणं चांगलं. शेवटचे दहा-बारा दिवस रोज दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी, त्याच थर्मामीटरने मोजलं तर अशी तुलना करता येते.

तीन, या लक्षणाचा अर्थ एका बाजूलाच भक्कम आहे. घसरण दिसली तर ती सांगते की घड्याळ सुरू झालं. घसरण दिसली नाही, तर त्यावरून 'आज काही होणार नाही' असं म्हणता येत नाही.

आणि घसरण दिसून २४ तास उलटले, तरी प्रसूतीची काहीच हालचाल नसेल, तर फोन करायचा. प्रोजेस्टेरॉन गेलंय, पण गर्भाशय कामाला लागलेलं नाही, अशी ती स्थिती असू शकते.

तीन टप्पे, आणि पहिल्याची पंचाईत

पुस्तकात प्रसूतीचे तीन टप्पे असतात. पहिल्यात गर्भाशयाचं तोंड उघडतं. दुसऱ्यात पिल्लू बाहेर येतं. तिसऱ्यात वार पडते. कुत्रीत दुसरा आणि तिसरा टप्पा आलटून पालटून चालतात: पिल्लू, थोड्या वेळाने वार, पुन्हा पिल्लू. कधी दोन पिल्लं आली की दोन वारा एकदम पडतात.

पहिला टप्पा साधारण ६ ते १२ तास चालतो. पहिल्या वेताच्या कुत्रीत तो याहून बराच लांबू शकतो. या काळात ती अस्वस्थ असते, खात नाही, धापा टाकते, थरथरते, एखादी उलटी करते, जमीन किंवा अंथरूण उकरते, कोपरा शोधते. बाहेरून जोर करताना मात्र दिसत नाही.

अडचण ही की यातलं एकही लक्षण फक्त प्रसूतीचं नाही. नागपुरात मे महिन्यात कुठलीही कुत्री दिवसभर धापा टाकेल. दिवाळीत फटाके वाजले की गाभण नसलेलीही थरथरत पलंगाखाली जाऊन बसेल. म्हणून 'पहिला टप्पा किती वाजता सुरू झाला' हे कुणीच अचूक सांगू शकत नाही. एखाद्या पेपरमध्ये पहिल्या टप्प्याचा कालावधी तासांत दिलेला असेल, तर सुरुवातीची नोंद कशावरून केली, हे आधी शोधा.

दुसऱ्या टप्प्याचं तसं नाही. पोटाचे स्नायू आवळून कुत्री कुंथते, शेपटी बाजूला घेते, पाण्याची पिशवी दिसते. इथे घड्याळ लावता येतं. दोन पिल्लांमधलं अंतर पाच मिनिटांपासून दोन तासांपर्यंत असू शकतं. मध्ये ती शांत पडून पिल्लांना चाटत असेल, पाजत असेल, तर ती विश्रांतीच असते.

हिरवा स्राव आणि पायाळू पिल्लं

पहिल्यांदाच कुत्रीची प्रसूती पाहणाऱ्यांना दोन गोष्टी घाबरवतात.

पहिली, गडद हिरवा स्राव. कुत्रीच्या वारेच्या कडेला साठलेल्या रक्तापासून युटेरोव्हर्डिन नावाचं हिरवं रंगद्रव्य तयार होतं. वार गर्भाशयापासून सुटली की ते बाहेर येतं. म्हणजे हिरवा रंग एवढंच सांगतो: निदान एक वार सुटली आहे.

आता ही माहिती संदर्भात ठेवा. एक-दोन पिल्लं झाल्यावर हिरवा स्राव आला तर त्यात नवल नाही. पण एकही पिल्लू आलेलं नसताना तो दिसला, तर एखाद्या पिल्लाची वार सुटलीय आणि पिल्लू आतच आहे. त्याचा ऑक्सिजन तुटतोय. तोच रंग, तीच कुत्री, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो.

दुसरी गोष्ट, मागचे पाय आधी येणारं पिल्लू. आपल्याकडे माणसाचं मूल पायाकडून जन्मलं तर त्याला पायाळू म्हणतात आणि त्याभोवती बऱ्याच समजुती आहेत. कुत्र्यांत सुमारे ४० टक्के पिल्लं पायाळूच येतात आणि ते नैसर्गिक धरलं जातं. काळजीची स्थिती वेगळी असते: मागचे पाय पोटाखाली दुमडून फक्त शेपटी-पुठ्ठा पुढे येणं, डोकं बाजूला वळणं, पिल्लू आडवं असणं. 'पाय दिसले म्हणून ओढलं' हा प्रकार यामुळेच टाळावा. जे अडलेलं नव्हतं, त्याला आपण इजा करून बसतो.

फोन कधी करायचा?

- जोरदार, सलग कळा येऊन २० ते ३० मिनिटं झाली आणि पिल्लू आलं नाही.
- कळा हलक्या, थांबून थांबून येतात आणि दोन तासांत पिल्लू नाही.
- पोटात पिल्लं शिल्लक आहेत आणि शेवटच्या पिल्लाला दोन तासांहून जास्त वेळ झाला.
- एकही पिल्लू न येता हिरवा स्राव दिसला.
- पिल्लू किंवा पिशवी योनीद्वाराशी दिसते, पण पुढे सरकत नाही.
- तापमान घसरून २४ तास झाले, पुढे काही नाही.
- मीलनापासून ७० दिवस उलटले.
- खूप रक्त, दुर्गंधी स्राव, झटके, कोसळणं. यात वाट पाहायची नाही, थेट निघायचं.

वेगवेगळ्या पुस्तकांत हे आकडे थोडे वेगळे दिसतील. दोन पिल्लांमधलं अंतर कुणी दोन तास देतं, कुणी चार. यात कुणी खोटं बोलत नाही. हा कट-ऑफ आहे. तो कमी ठेवला तर खऱ्या अडचणी कमी निसटतात, पण विनाकारण धावपळ वाढते. जास्त ठेवला तर धावपळ वाचते, पण काही पिल्लं जातात. चाचण्यांच्या भाषेत यालाच संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची ओढाताण म्हणतात. कोणता आकडा योग्य, हे चुकीची किंमत काय आहे त्यावर ठरतं. फुकट गेलेला फोन स्वस्त, मेलेलं पिल्लू महाग. शिवाय दवाखाना दीड तासावर असेल तर तुमचा कट-ऑफ शहरातल्या माणसापेक्षा कमीच असायला हवा.

पिल्लं शिल्लक आहेत की नाही, हे पोट चाचपून नीट कळत नाही. पंचावन्नाव्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडं दिसतात आणि पिल्लं मोजता येतात. सोनोग्राफी पिल्लं जिवंत आहेत का ते सांगते, मोजणीत मात्र ती कच्ची असते. पिल्लाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २०० च्या वर असले तर ठीक, १८० च्या खाली राहिले तर पिल्लू त्रासात आहे. कळ येताना ठोके क्षणभर उतरतात, म्हणून डॉक्टर एकाच वाचनावर थांबत नाहीत, पुन्हा मोजतात.

किती कुत्र्या अडतात? भाजक पाहा

स्वीडनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडलेल्या १८२ प्रसूती तपासल्या होत्या. ७५.३ टक्के कारणं आईकडची, २४.७ टक्के पिल्लांकडची निघाली. सर्वांत मोठं कारण होतं गर्भाशय कामच न करणं: ४८.९ टक्क्यांत ते सुरूच झालं नाही आणि २३.१ टक्क्यांत सुरू होऊन मध्येच मंदावलं. पिल्लू चुकीच्या स्थितीत असणं १५.४ टक्के. म्हणजे 'अडली' म्हटल्यावर डोळ्यांसमोर अडकलेलं पिल्लू येतं, पण जास्त वेळा गाडी सुरूच झालेली नसते. अशी कुत्री ओरडत नाही, कुंथत नाही. शांत पडून राहते आणि घरच्यांना वाटतं, अजून वेळ आहे. पोटात एकच पिल्लू असेल तर हा धोका जास्त, कारण प्रसूती सुरू करायला लागणारा इशारा आणि ताण दोन्ही तोकडे पडतात.

ब्रिटनमधल्या ५० आपत्कालीन दवाखान्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला. नसबंदी न झालेल्या १८,७५८ माद्यांपैकी ७०१ अडलेल्या होत्या, म्हणजे ३.७ टक्के. हा आकडा '३.७ टक्के प्रसूती अडतात' असा सांगणं साफ चूक. भाजकात प्रसूती नाहीत. काहीही कारणाने रात्री दवाखान्यात आलेल्या माद्या आहेत. या अभ्यासाचं बळ तुलनेत आहे: संकरित कुत्र्यांच्या मानाने फ्रेंच बुलडॉगमध्ये अडण्याची शक्यता सुमारे १६ पट, पगमध्ये ११ पट, चिवावात १० पट दिसली.

तिसरा आकडा ब्रिटनमधलाच, २०१० चा. शुद्ध जातींच्या पाहणीत बोस्टन टेरिअरच्या ९२.३ टक्के आणि बुलडॉगच्या ८६.१ टक्के वेतांत सिझेरियन झालं होतं. इथे भाजक वेतांचा आहे. पण अंशात आधीच ठरवून केलेली सिझेरियनंही आहेत, म्हणून त्याला 'अडण्याचं प्रमाण' म्हणता येत नाही. मोठं डोकं, अरुंद कटी असा प्राणी माणसानेच घडवला, हे मात्र तो आकडा स्पष्ट सांगतो.

आपल्याकडे यावर नेहमीचं उत्तर असतं: 'रस्त्यावरच्या कुत्रीला कोण डॉक्टर बोलावतं? तिला होतातच ना पिल्लं!' होतात. पण आपल्याला दिसतात त्या जगलेल्या. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१६ मध्ये मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांचा अभ्यास मांडला. त्यातली फक्त १९ टक्के पिल्लं प्रजननाच्या वयापर्यंत पोचली. हा अभ्यास जन्मानंतरच्या मृत्यूंचा आहे, अडलेल्या प्रसूतींचा नाही. तरी 'रस्त्यावर सगळं आपोआप नीट होतं' या समजुतीला तो पुरेसा धक्का देतो. गल्लीत पिल्लं दिसणं हा पुरावा अपुरा आहे, कारण न दिसणारी त्यात मोजलीच जात नाहीत.

घरी करू नयेत अशा दोन गोष्टी

पहिली, ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून हे इंजेक्शन गैरवापराने बरंच पसरलंय, त्यामुळे 'एक टोचून टाकू' असा सल्ला सहज मिळतो. पिल्लू खरोखर अडकलेलं असेल तर जबरदस्तीच्या कळांनी गर्भाशय फाटू शकतं किंवा आतल्या पिल्लांच्या वारा आधीच सुटू शकतात. अडथळा नाही हे तपासल्याशिवाय ते द्यायचं नसतं आणि ती तपासणी पशुवैद्याची.

दुसरी, गाभणपणात मनाने कॅल्शियमची बाटली सुरू करणं. हेतू चांगला असतो. पण बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. पिल्लं पिऊ लागल्यावर मागणी एकदम वाढते आणि रक्तातलं कॅल्शियम घसरतं. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः लहान जातीच्या आणि जास्त पिल्लं असलेल्या आईत, हा धोका असतो. अस्वस्थपणा, धाप, ताठर चाल, स्नायू फडफडणं, मग ताप आणि झटके. लक्षणं दिसताच पिल्लं बाजूला घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. वेळेत उपचार मिळाले तर कुत्री बरी होते.

वहीत काय लिहायचं?

शेवटच्या दोन आठवड्यांसाठी एक साधी वही करा. मीलनाच्या सगळ्या तारखा. प्रोजेस्टेरॉनचे अहवाल असतील तर ते. तापमान वेळेसह. प्रसूतीच्या रात्री: पहिली दिसलेली कळ, स्रावाचा रंग आणि वेळ, प्रत्येक पिल्लाची वेळ, डोक्याकडून की पायाकडून, वार पडली का. एक्स-रेमध्ये मोजलेली पिल्लं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

'बराच वेळ झाला' असं लिहू नका, '२.१० ला जोर सुरू, २.३५ पर्यंत पिल्लू नाही' असं लिहा. डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि जागरणात माणसाचा वेळेचा अंदाज सगळ्यात आधी बिघडतो. निरीक्षण एका रकान्यात, त्याचा आपण लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात. 'हिरवा स्राव, १.४०' हे निरीक्षण. 'वार सुटली असावी' हा अर्थ. ही सवय पुढे प्रयोगशाळेच्या वहीतही लागणारच आहे.

आणि पशुवैद्याचा, तसंच रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आधीच विचारून त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.